पोरीच्या गाठीत केस आणि दात कुठून आले?

मिरजेतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीशी हा प्रश्न बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो. आई असते, मावशी असते, कधी एकटा बाप असतो. हातात पिशवी आणि पिशवीत फॉर्मॅलिनची बरणी. ऑपरेशननंतर सर्जनने गाठ ट्रेमध्ये दाखवलेली असते, त्यात केसांचा पुंजका दिसलेला असतो आणि तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नसतं. "मॅडम, पोरीचं लगीन व्हायचंय अजून. मग केस आन् दात आले कुठनं? काय वंगाळ तर नव्हतं न्हवं?" विचारतात गाठीबद्दल, पण संशय असतो पोरीवर.

तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. ते मूल नव्हतं. मुलाची सुरुवातही नव्हती. त्यात कुठल्याही पुरुषाचा काडीचाही संबंध नाही.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्यभराची बीजं असतात. त्वचा, केस, हाड, मेंदू, सगळं घडवण्याची ताकद त्या पेशींत असते. त्यातली एखादी फलन न होताच आपली आपण वाढू लागते. आपल्याकडं हळदीचं बेणं सावलीत ढीग करून ठेवलं की लावायच्या आधीच त्याला डोळे फुटतात, तसंच हे. पण त्या वाढीला ना क्रम असतो ना आराखडा, म्हणून एकीकडं त्वचा, दुसरीकडं दात, मध्येच थोडी चरबी. १९७५ साली लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं की गाठ त्या बाईच्याच एका बीजपेशीपासून उगवते, बाहेरून काहीही आलेलं नसतं. पाळी न आलेल्या लहान मुलींतही ही गाठ सापडते, हे ऐकल्यावर पुष्कळ आयांचे खांदे सैल पडतात.

आम्ही हिला मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा लिहितो, डॉक्टर डर्मॉइड म्हणतात. शरीराच्या उबेत आतला ऐवज पातळ असतो, पण माझ्या टेबलावर येईपर्यंत गार होऊन थिजलेला असतो. गाठ कापली की पिवळट, तेलकट गोळा बाहेर येतो आणि त्यात गुंतलेले केस. तो सगळा पुसून काढला की भिंतीवर एका जागी उंचवटा लागतो. केस तिथूनच निघालेले असतात, आणि सुरी कट्कन अडली तर दातही बहुधा तिथंच. सगळ्यात जास्त तुकडे मी त्या उंचवट्यातून घेते, कारण काही वावगं असलंच तर तिथं सापडण्याची शक्यता जास्त. दात किंवा हाड असेल तर ते आधी आम्लात मऊ करावं लागतं, तेव्हाच त्याचा पातळ काप निघतो. त्यामुळं रिपोर्टला काही दिवस जास्त लागतात. उशीर झाला म्हणजे आम्ही काही लपवतोय, असं कृपा करून मनात आणू नका.

वान्लेस डॉक्टरांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल काढल्यापासून मिरजेला लांबलांबून पेशंट येतात, जतपासून अथणीपर्यंतचे. त्यांतल्या बऱ्याच जणींना गाठीचा पत्ताच नसतो. ओटीपोट जड वाटतं म्हणून किंवा गरोदरपणात म्हणून सोनोग्राफी होते आणि गाठ दिसते. चरबी आणि केसांमुळं ती बहुतेकदा सोनोग्राफीतच ओळखू येते, शंका राहिली तर एमआरआय करतात. रक्ताच्या तपासण्यांनी मात्र लोक फार घाबरतात. कॅन्सरचा संशय आला की रक्तात सीए-१२५ किंवा सीए १९-९ बघतात, पण ते साध्या डर्मॉइडमध्येही वाढू शकतं. त्या आकड्यावरून घरी बसून कॅन्सर ठरवू नका.

ही गाठ गोळ्यांनी किंवा काढ्यानं विरघळत नाही. लहान असेल आणि त्रास नसेल तर डॉक्टर वेळोवेळी सोनोग्राफी करून नुसतं लक्ष ठेवतात. मोठी असेल, दुखत असेल तर काढायची. भीती असते ती पीळ बसण्याची. गाठीच्या वजनानं अंडाशय स्वतःभोवती फिरतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. अचानक कळ, उलट्या. अशा वेळी पित्त झालंय म्हणून रात्र काढू नका, तासातासानं अंडाशय हातचं जातं. तरुण मुलीचं अंडाशय काळंनिळं दिसलं तरी पीळ सोडवून ते राखण्याचा प्रयत्न करतात, कारण पुष्कळदा ते पुन्हा सावरतं.

एरवी दुर्बिणीतून फक्त गाठ सोलून काढतात, अंडाशय ठेवतात आणि गाठ पिशवीत घालून बाहेर घेतात. आतला ऐवज सांडलाच तर पोट भरपूर सलाईननं धुतात. पाळी चालू राहते, मुलं होतात. एक अंडाशय काढावं लागलं तरी दुसरं पुरतं. पाळी गेलेल्या बाईचा विचार वेगळा, तिथं बहुधा अंडाशयच काढतात.

कॅन्सरचंही सांगते. साध्या डर्मॉइडमध्ये तो शंभरात एखाद-दुसरीला होतो, तोही बहुतेक उतारवयात. इम्मॅच्युअर टेराटोमा ही मात्र निराळी गाठ. ती दुर्मीळ आहे, पण येते ती बहुधा किशोरवयीन आणि तरुण मुलींत. तिच्यात गर्भावस्थेतल्यासारख्या कच्च्या मेंदूपेशी दिसतात. त्या किती आहेत यावरून ग्रेड ठरते आणि ग्रेड व पसारा पाहून केमोथेरपी लागणार की नाही ते. केमोथेरपी लागली तरी बहुतेक मुली बऱ्या होतात. म्हणूनच काढलेली प्रत्येक गाठ तपासायला पाठवा. लाजेपायी ती परस्पर फेकून द्यायला सांगणारे नातेवाईक मी पाहिलेत. तेव्हा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आणखी एक गोष्ट पोटतिडकीनं सांगायची आहे. चांगली हसतीखेळती पोरगी काही दिवसांत भलतंसलतं बडबडू लागते, झोपत नाही, मग झटके येतात. घरचे तिला देवऋष्याकडं नेतात. कधीकधी याचं मूळ अशाच गाठीत असतं. गाठीतल्या मेंदूच्या ऊतीविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि ती खऱ्या मेंदूवर हल्ला करतात. २००७ साली डॉ. दालमाऊ यांनी हा आजार उलगडून दाखवला. अशा मुलीची पाठीच्या पाण्याची तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्या. गाठ काढणं आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं यांनी बहुतेक जणी सावरतात, मात्र महिनोन्‌महिने लागतात.

जाताजाता बाप हमखास विचारतो, सोयरिकीच्या वेळी हे सांगायचं का? माझं मत विचाराल तर ते पोरीनं ठरवावं. सांगायचं ठरलं तर "अंडाशयाची साधी गाठ होती, काढली, रिपोर्ट चांगला आहे" एवढं पुरे. रिपोर्टची मूळ प्रत मात्र तिच्याच हातात द्या. डर्मॉइड कधी दुसऱ्या बाजूलाही होतो, तेव्हा पुढच्या सोनोग्राफीला तो कागद तिलाच लागेल.