नववीच्या मुलींना दवाखाना आतून दाखवला त्याची गोष्ट

मी लॅब टेक्निशियन, डीएमएलटी म्हणजे लॅबचा डिप्लोमा केलेली, लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करते. आमच्या भागात नीटचं, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं, एवढं वेड आहे की दहावीला पोरीला बरे मार्क पडले की बाप थेट लातूरला क्लास आणि रूम बघायला पळतो, आणि नाही पडले तर आर्ट्सला टाका नाहीतर स्थळं बघा, मधलं काही नाहीच. म्हणून डोक्यात आलं की शाळेतल्या मुलींना एकदा दवाखाना आतून दाखवावा, पेशंट म्हणून नाही, कोण काय काम करतं ते बघायला.

शाळेच्या मोठ्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "दहावीच्या पोरींचं नाव काढू नको, बोर्ड आहे, नववीच्या ने." मग शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, सरकारी दवाखान्यात आवक-जावकला शिक्का, आणि तिथून पुढे अर्ज गायबच. विचारलं की उत्तर ठरलेलं, साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी साहेब भेटले तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की मुली छोट्या गटाने येतील, वॉर्ड आणि लेबर रूममध्ये जाणार नाहीत, मोबाईल शाळेत जमा राहतील, कुठल्याही पेशंटचा फोटो नाही. एवढं ऐकल्यावर त्यांनी उभ्या उभ्याच सही केली.

खरं अवघड पुढे होतं, संमतीपत्रं. निम्मी कोरीच परत आली. "आमच्या पोरीला नर्स करायचं नाही", "नाईट ड्युटी असते ना त्यात", असलं सगळं. मी वडिलांच्या मागे लागलेच नाही, आशाताईला धरलं. गल्लीतल्या प्रत्येक घरात बाळंतपणाला, लसीला तीच गेलेली, तिचा शब्द कोण मोडणार? तिने आयांना अंगणवाडीत गोळा केलं आणि म्हणाली, तुम्ही पण चला पोरींसोबत, बघा तरी. काही आया खरंच आल्या आणि मला वाटतं तिथेच काम झालं, पोरींपेक्षा जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. एकीने विचारलं, लग्नानंतर सुटत नाही का हे? मी म्हणलं, मावशी, माझं लग्न झालंय, सासूबाई पोराला सांभाळतात आणि सातच्या ड्युटीला मी हजर असते, भांडणं झाली सुरुवातीला, नाही असं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेलो. लॅबमध्ये मी ट्यूबांच्या टोपणांचे रंग दाखवले, जांभळी सीबीसीला म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला, करडी शुगरला, निळी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला, आणि चुकीच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं तर रिपोर्टच चुकतो. शाळेत लोहाची निळी गोळी सगळ्याच खातात (किंवा बाकाखाली टाकतात, मला माहितीये), पण ती कशासाठी हे हिमोग्लोबिनचं मशीन बघून कळलं, १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया. एक्स-रेच्या दादाने शिशाचा जड अ‍ॅप्रन एकीच्या अंगावर घातला आणि छातीला लावायचा टीएलडी बॅज दाखवला, किती रेडिएशन अंगावर पडलं त्याचा हिशोब ठेवणारा. डायलिसिसला एका काकांनीच सांगितलं की एका वेळी चार तास झोपावं लागतं आणि ही ताई सुई लावते तेव्हा कमी दुखतं. पोरी त्या ताईकडेच बघत राहिल्या.

एकीला रक्त बघून चक्कर आली. तिला बाहेर बाकावर बसवून लिंबू सरबत दिलं आणि म्हणलं, रक्ताशी फार संबंध न येणारी कामंही आहेत इथे, डोळे तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट, फिजिओ, फार्मसी.

नंतर शाळेत बसून कोर्सचं बोललो. बीएससी नर्सिंगला चार वर्षं, त्याची सीईटी वेगळी, नीट लागत नाही. नर्सिंगचेच डिप्लोमा म्हणजे जीएनएम तीन, एएनएम दोन, आणि एएनएमला आर्ट्सची बारावी पण चालते हे ऐकून मागच्या बाकावरच्या एकदम सरळ बसल्या. डीफार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, दोन वर्षांचं. फिजिओथेरपीला मात्र आपल्याकडे नीटच्या मार्कांवर अ‍ॅडमिशन. गणित नको असेल तर अकरावीला सोडा, पण बायोलॉजी सोडायच्या आधी दहा वेळा विचार करा. आणि ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) असेल तर ट्युशन फी आणि परीक्षा फी माफ, मॅनेजमेंट कोट्याला नाही. जातीची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) ज्यांना लागते त्यांनी अकरावी-बारावीतच अर्ज टाकायचा, ऐन अ‍ॅडमिशनला पळापळ होते आणि सीट जाते, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्यानंतर एक वडील लॅबमध्येच आले, हातात कुठल्यातरी इन्स्टिट्यूटचं पत्रक, 'सहा महिन्यात लॅब टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी'. मोठ्या पोरीला टाकावं का म्हणून विचारत होते, पैसे भरायच्या तयारीतच. मी पत्रक उलटंपालटं करून बघितलं, मान्यता कुणाची ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणलं काका, पैसे खिशात ठेवा, आधी पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये या कोर्सवर रजिस्ट्रेशन होतं का ते त्यांच्याकडून लेखी घ्या, नर्सिंगचं असेल तर नर्सिंग कौन्सिलचं बघा. ते पत्रक घडी करून गेले.