नवी पॅनल येईपर्यंत थांबू का?

हल्ली गिऱ्हाईक मोबाइलच पुढे करतं. ‘३४ टक्के उन्हाची वीज करणारा नवा सोलर सेल निघालाय म्हणे. थांबावं का दोन वर्षं?’ चिपळूणच्या आसपास गच्चीवर सोलर बसवणं हा माझा धंदा, तेव्हा मी ‘थांबा’ म्हणणार नाही हे उघड आहे. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

बातमी खोटी नाही. नेहमीच्या पॅनलमधल्या सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या दुसऱ्या, ऊन शोषणाऱ्या पदार्थाचा थर चढवलेल्या टँडेम, म्हणजे जोड सेलने प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडलेत. एकट्या सिलिकॉनची मर्यादाच साधारण २९. शिवाय सिलिकॉन वितळायला १४१४ अंश लागतात. पेरोव्हस्काइटचं द्रावण शाईसारखं पसरून शंभर-दीडशे अंशांवर सुकवलं की झालं, म्हणून ते स्वस्त पडेल म्हणतात.

पण स्वस्ताईचं मला फार कौतुक नाही. माझ्या कोटेशनमध्ये पॅनलची किंमत निम्मीसुद्धा नसते. स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, केबल, अर्थिंग, मजुरी यांतच पैसा जातो. खरा फायदा जागेचा. आजचं ५५० वॅटचं पॅनल अडीच चौरस मीटरचं, ३.३ किलोवॅटला सहा लागतात. ३० टक्क्यांचं पॅनल आलं तर तेवढंच काम चार-साडेचार पॅनलांच्या जागेत होईल, लोखंडही वाचेल. गच्चीवरच्या टाकीची सावली चुकवता चुकवता ज्याचा जीव जातो, त्याला हे कळेल!

अडतं कुठे, तर ओलाव्यापाशी. २००९ मध्ये जपानात त्सुतोमु मियासाकांच्या चमूने पेरोव्हस्काइटचा सेल केला तेव्हा क्षमता होती ३.८ टक्के, आणि आतल्या द्रवातच पेरोव्हस्काइट काही मिनिटांत विरघळायचं. आता द्रव गेला, पण पाणी आणि उष्णता अजून वैरीच. पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं, ही आणखी एक काळजी. पॅनलची दमट उष्णतेची चाचणी ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास अशी असते. म्हणजे जेमतेम सहा आठवडे. आमच्याकडे पावसाळाच चार महिन्यांचा, आणि गिऱ्हाइकाला वॉरंटी २५ वर्षांची हवी.

प्रयोगशाळेतून बाजारात येताना आकडाही उतरतो. ऑक्सफर्ड पीव्ही या ब्रिटिश कंपनीने २०२४ मध्ये पहिली टँडेम पॅनल विकली ती २४.५ टक्क्यांची. मुंबई आयआयटीत दिनेश काब्रा यांचा गट चार टर्मिनलच्या टँडेमवर काम करतोय, तो मला जास्त पटतो. दोन्ही सेलच्या तारा वेगळ्या, त्यामुळे वरचा कमजोर झाला तरी तो खालच्याचा करंट अडवत नाही.

तर थांबू नका. ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे, ते घ्या. फक्त इन्व्हर्टर दोन एमपीपीटीचा, म्हणजे पॅनलांचे दोन गट वेगवेगळे सांभाळणारा, आणि एक माप मोठा मागा. उद्या नवी पॅनल आलीच, तर वेगळ्या स्ट्रिंगवर, म्हणजे वेगळ्या माळेत, जोडता येतील.