नागपूरच्या उन्हाळ्यात मेंब्रेन रिॲक्टर : माझा अनुभव

ॲसिटिक ॲसिड आणि इथेनॉल समान मोलमध्ये घ्या, कॅटलिस्ट (प्रक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) घाला आणि हवी तेवढी वाट पाहा. इथाइल ॲसिटेट हे इस्टर बनतं, पण साधारण दोन-तृतीयांश ॲसिड संपलं की गाडी अडते. इस्टरबरोबर पाणीही तयार होतं आणि तेच पाणी इस्टरला परत फोडतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलोने हा समतोल १८६२ च्या सुमारासच मोजला होता. पाणी उकळून काढावं म्हटलं, तर इस्टर, अल्कोहोल आणि पाणी तिघंही ७० अंशांच्या आसपास हातात हात घालून बाहेर पडतात. म्हणून एम.टेक.च्या प्रकल्पासाठी सरांनी सुचवलं, पाणी पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून ओढ.

मांडणी कागदावर सोपी होती. कॅटलिस्ट म्हणून रेझिनचे मणी जाळीच्या टोपलीत. ६० अंशांवरचं मिश्रण पंपाने पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या पॉलिमरच्या पडद्यावरून फिरवायचं आणि पडद्याच्या पलीकडे व्हॅक्यूम ठेवायचा. या पडद्याला पाण्याची ओढ. पाणी त्यात विरघळतं, पलीकडे वाफ होऊन निघतं आणि द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या ट्रॅपमध्ये गोठतं.

पडदा बसवायचा स्टीलचा सेल हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. तिथले भाऊ म्हणाले, "ताई, एवढ्याशा डब्बीले ३१६ कायले पाह्यजे? ३०४ मध्ये स्वस्तात करून देतो." हे दोन्ही स्टेनलेस स्टीलचे प्रकार, पण गरम ॲसिटिक ॲसिडपुढे ३०४ चा भरवसा नाही, हे सांगितल्यावर त्यांनी मुकाट्याने ३१६ लावलं. गॅस्केट मात्र टेफ्लॉनचंच घ्या. व्हायटन या रबराची ख्याती मोठी, पण इथाइल ॲसिटेटमध्ये ते फुगतं.

बॅचमध्ये, म्हणजे माल एकदाच भरून, सगळं लवकर जमलं. खरी परीक्षा सुरू झाली ती सतत फीड, म्हणजे अखंड येणारा कच्चा माल, चालू केल्यावर. बॅचमध्ये पडदा संथ असला तरी चालतं, रात्रभर ठेवा, पाणी हळूहळू निघतं. सतत चालणाऱ्या रिॲक्टरमध्ये तशी सवलत नाही. पाणी ज्या वेगाने तयार होतं, साधारण त्याच वेगाने निघायला हवं. पडद्याचं क्षेत्रफळ कमी पडलं तर पाणी साचतं आणि रूपांतरण पुन्हा त्याच दोन-तृतीयांशाकडे घसरतं. क्षेत्रफळ जास्त झालं तर मिश्रण कोरडं पडतं, पाणी मिळेना म्हणून पडद्यातून इथेनॉल जाऊ लागतं, आणि तो आपलाच कच्चा माल. नवा कॅटलिस्ट शोधण्यावर लोक वर्षं घालवतात. माझं मत विचाराल तर या प्रयोगाचा जीव पडद्याचं क्षेत्रफळ आणि रिॲक्टरचं आकारमान यांच्या गुणोत्तरात आहे. मी फीडचा वेग बदलत बदलत तो मेळ शोधला. प्रत्येक बदलानंतर निदान तीन-चार रेसिडन्स टाइम (मिश्रण रिॲक्टरमध्ये सरासरी जितका वेळ राहतं तो) थांबायचं, मग उरलेलं ॲसिड मोजायला टायट्रेशन. फेनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग लागोपाठ त्याच रीडिंगला आला, तरच स्थिर अवस्था मानायची. इतका कंटाळवाणा काळ आयुष्यात दुसरा नाही.

त्यात मे महिना. नागपूरचा पारा ४५ च्या पुढे, टाकीतलं पाणी अंघोळीलाही नकोसं, आणि रिॲक्टरवरच्या कंडेन्सरला तेच पाणी. इस्टर ७७ अंशांना उकळत असलं तरी त्याआधीच भरपूर उडतं, त्यामुळे वस्तुमानाचा हिशेब जुळेना. शेवटी बर्फाच्या लाद्या आणून ड्रममध्ये पाणी गार केलं आणि छोट्या पंपाने फिरवलं. आमचे लॅब अटेंडंट काका रोज म्हणायचे, "मॅडम, बर्फाचा खर्च स्टायपेंडपेक्षा जास्त होऊन राहिला जी." ट्रॅपचीही तीच कथा. बर्फाने भरला की काढायचा, पण काढला की व्हॅक्यूम जातो आणि स्थिर अवस्था मोडते. म्हणून दोन ट्रॅप शेजारी शेजारी, मध्ये व्हॉल्व्ह. एक वजनाला जातो तोवर दुसरा कामावर. सतत प्रक्रिया करणार असाल तर दुसऱ्या ट्रॅपचे पैसे आधीच मागून घ्या.

रूपांतरण समतोलाची रेषा ओलांडून वर गेलं आणि तिथे टिकलं, पण किती काळ हा प्रश्न उरतोच. ॲसिड पीव्हीएला हळूहळू फुगवतं आणि पडद्याची निवड सैल होते. ट्रॅपमध्ये इथेनॉल वाढलेलं दिसलं की समजायचं. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे पडदे जास्त टणक असतात, पण त्यातला ए प्रकार आम्लात विरघळतो. टी प्रकार ॲसिडपुढे जास्त तग धरतो. आता माझ्या ज्युनिअरने तोच हाती घेतला आहे.