बहरीन: मे संपताना गिझर बंद करायचा देश

अल-बहरैन म्हणजे दोन समुद्र. एक खारा, दिसणारा. दुसरा गोडा. समुद्राच्या तळातूनच इथे गोड्या पाण्याचे झरे फुटायचे आणि मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून कातडी पिशव्यांत ते पाणी भरून आणायचे. नाव यावरूनच पडलं, असं इथली माणसं सांगतात. भूजलाचा अतोनात उपसा झाला, झरे आटले. आता नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं मीठ काढलेलं पाणी. पिण्यासाठी बहुतेक घरांत बाटल्या किंवा मोठे कॅन येतात.

देश लहान, म्हणजे खरोखरच लहान. भर घालून वाढवलेली जमीन धरूनही 800 चौरस किलोमीटरच्या आतच. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून साधारण 600 भरतात. डोंगर म्हणाल तर जबल अद-दुखान, उंची दीडशे मीटरसुद्धा नाही. त्याच्याच पायथ्याशी 1932 मध्ये आखाताच्या अरब किनाऱ्यावरचं पहिलं तेल लागलं. सौदीला जोडणारा समुद्रावरचा 25 किलोमीटरचा रस्ता, किंग फहद कॉजवे, 1986 पासून वापरात आहे. वीकेंड शुक्रवार-शनिवार, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी तिकडून गाड्यांची रीघ लागते. त्या वेळी राजधानी मनामात कुठे वेळेवर पोचायचं असेल तर तासभर हाताशी ठेवा.

हवेबद्दल सगळे उन्हाचं बोलतात, पण जीव काढतो तो दमटपणा. जूनमध्ये शमाल हा वायव्येचा कोरडा वारा असतो. धूळ खिडकीच्या फटीतून आत येते, पण घाम तरी वाळतो. वारा पडला की ऑगस्टमध्ये रात्रीही पारा तिशीच्या खाली क्वचितच येतो. एसीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र स्वेटर लागतो, तो बॅगेत टाकाच. पाऊस वर्षाला जेमतेम 70-80 मिलिमीटर. कोकणात तेवढा एका दुपारीही पडतो, इथे तेवढ्याने रस्ते तुंबतात, कारण पाणी वाहून नेणारी गटारं सगळीकडे नाहीत.

आता गिझरचं. पाण्याची टाकी गच्चीवर, उन्हात. उन्हाळ्यात थंड नळ सोडला की हात भाजतो. म्हणून मे संपताना गिझरचं बटण बंद करायचं. गिझर घरात, एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी हळूहळू निवतं. मग अंघोळीला ‘गरम’ नळ सोडायचा. घोटाळा होतो तो दुसऱ्या अंघोळीला. पहिल्याने गिझर रिकामा केला की टाकीतलं कढत पाणी आत शिरतं, आणि गिझरचं अस्तर उष्णता धरून ठेवत असल्याने ते निवायला रात्र जाते. घरात चार माणसं असतील तर रात्रीच बादल्या भरून ठेवा. गिझर बाहेरच्या भिंतीवर असेल तर ही युक्ती विसरा.

पैशांत नवखे हमखास चुकतात. एका दिनारचे 1000 फिल्स, म्हणून किंमत तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. 1.250 म्हणजे सव्वा दिनार, साडेबाराशे नव्हे! गंमत म्हणजे 100 फिल्सना इथले लोक अजून ‘रुबिया’ म्हणतात. 1965 मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालायचा, आणि दहा रुपयांना एक दिनार असा बदलून मिळाला. बोलीतही आपली ओळख पटते: पैसे म्हणजे ‘बेझात’, पंखा म्हणजे ‘बंका’. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता, त्या ये-जा करणाऱ्या गलबतांचीच ही देणगी.

पत्ता सांगताना इमारत, रस्ता आणि ब्लॉक (म्हणजे वस्तीचा भाग, फ्लॅट नव्हे) हे तीन आकडे लागतात. ब्लॉक चुकला तर डिलिव्हरीवाला भलत्याच गावी जाईल, कारण रस्त्यांचे आकडे ब्लॉकवरूनच ठरतात. घर घेताना ते तिन्ही आधी मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

रमझानमध्ये दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नका, गाडीत पाण्याचा घोटसुद्धा नको. मुहर्रमच्या 9 आणि 10 तारखेला सुट्टी असते आणि जुन्या मनामातल्या गल्ल्या मिरवणुकांनी भरतात; तिकडे गाडी नेऊ नका.

कुणा बहरीनी घरी गेलात तर आधी ‘गहवा’ येतो: वेलची घातलेली फिकट कॉफी, बिनसाखरेची, सोबत खजूर. कप उजव्या हातानेच घ्यायचा. तो तळाशी जेमतेम भरतात, त्याला कंजुषी समजू नका. संपला की पुन्हा ओततात, आणि तुम्ही नुसतं ‘बस’ म्हणून कप पुढे धरलात तर बहुधा आणखी ओततील. पुरे झालं की रिकामा कप दोन-तीनदा हलकेच हलवून परत द्यायचा.