तांबट आळीचा आवाज आणि थर्ड इयरचं डिझाइन

आर्किटेक्चरला असलेल्या कुणालाही विचारा, ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडताना, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कन्सेप्ट काय आहे?" आणि उत्तरं पण साधारण ठरलेलीच, कुणी कमळ घेतं, कुणी पक्ष्याचे पंख, कुणी शंखाचं वेटोळं, आणि प्लॅनमध्ये, म्हणजे वरून बघितलेल्या नकाशात, तो आकार दिसला की कन्सेप्ट झाला असं धरतात. मला हे फर्स्ट इयरपासून पटत नव्हतं पण का पटत नाही ते नीट सांगता यायचं नाही. आता फोर्थ इयरला आल्यावर थोडं सांगता येतं. कन्सेप्ट म्हणजे असा एक निर्णय, की तो एकदा घेतला की पुढचे बारके बारके निर्णय त्याच्याच मागून येत जातात, जिना कुठे, खिडकी केवढी, भिंत दगडाची की विटेची. कमळाला विचारलं जिना कुठे टाकू तर त्यातून काही उत्तर येत नाही.

हे मला ज्या प्रोजेक्टमुळे कळलं त्याच्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं.

थर्ड इयरला ब्रीफ, म्हणजे नेमून दिलेलं काम, असं होतं की गावठाणात राहणं आणि काम करणं एकाच ठिकाणी असेल अशी वास्तू डिझाइन करा, साइट तुमची तुम्ही निवडा. मी कसबा पेठेतली तांबट आळी घेतली. कसबा म्हणजे पुण्याची सगळ्यात जुनी पेठ, ग्रामदैवत कसबा गणपती तिथलाच, आणि तिथे तांब्या-पितळेचं काम करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बंब, हंडे, घंगाळी. पत्रा आकारात आला की त्याच्यावर हातोडीने एकाला एक लागून ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात, आणि ते चमकणारे गोल गोल ठसे आपल्याला नक्षी वाटतात पण त्यांचं खरं काम वेगळं असतं, ठोके खाऊन तांबं कडक होतं, मग पातळ पत्र्याचं भांडं पण सहज दबत नाही. फार कडक झालं की तडकायला नको म्हणून मध्ये भट्टीत तापवून परत मऊ करायचं आणि परत ठोकायला घ्यायचं. मी तिथे उभी राहून कितीतरी वेळ नुसती बघत बसायचे, हात कसा एका जागी ठेवलेला असतो आणि भांडंच फिरतं, ठोका पडतो तिथे खाली लोखंडाचा आधार बरोब्बर आलेला असतो, नजर पण हलत नाही.

साइट अ‍ॅनालिसिसच्या शीट सगळ्यांच्या सारख्याच असतात, सूर्य, वारा, रहदारी, झाडं. मी एक आवाजाची शीट केली. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप असतं, ते फार अचूक नसतं पण इथे आणि तिथे किती फरक आहे एवढं कळायला पुरतं. पुस्तकात असं असतं की मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून आवाज येत असेल तर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. बोळात तसं होत नाही! दोन्ही बाजूंच्या भिंती समोरासमोर आहेत, त्या आवाज एकमेकींकडे टोलवत राहतात, त्यामुळे तुम्ही चांगले पुढे चालत गेलात तरी ठोका तुमच्या मागे मागे येतोच. मी प्लॅनवर हे रंगाने भरत गेले आणि जो नकाशा तयार झाला तो मला अजूनही माझ्या सगळ्या ड्रॉइंग्जमध्ये आवडतो, कारण त्यात घरांच्या हद्दी दिसतच नाहीत, आवाजाच्या हद्दी दिसतात.

त्यावरून सुरुवातीचा कन्सेप्ट सरळ होता, आवाज अडवायचा. एकीकडे कारखाना, एकीकडे घर, मध्ये जाड भिंत. मग एकदा तिथल्या एका काकांशी बोलत होते, त्यांना म्हटलं काका, घरच्यांना दिवसभर हा त्रास होत असेल ना, अभ्यास, झोप वगैरे. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "त्रास होतो गं, नाही कसा. पण आमच्या आईला वरच्या खोलीत बसून कळायचं खाली काय चाललंय. पत्रा कडक झाला की ठोका कोरडा वाजतो. आणि ठोका मध्येच थांबला की ती वरनं हाक मारायची, काय झालं म्हणून."

हे ऐकल्यावर माझं ड्रॉइंगच बदललं. आवाज अडवायचा की नाही हा प्रश्नच राहिला नाही, आवाज घरात नेमका कुठे ऐकू यायला हवा आणि कुठे अजिबात नको, हे ठरवायचं. झाला कन्सेप्ट. इतकंच एक वाक्य, पण त्यातून सगळं निघत गेलं.

सगळ्यात आधी प्लॅन बाजूला ठेवून सेक्शन, म्हणजे वास्तू उभी कापली तर आत जे दिसेल ते ड्रॉइंग, काढायला घेतला, कारण आवाज प्लॅनमध्ये कळत नाही, तो वर जातो, कोपऱ्यावरून वळतो, सज्ज्याखाली आपटतो. आपल्या वाड्यांचा सेक्शन इथे कामाला आला. जुन्या वाड्यात खाली घडीव काळा दगड आणि वर लाकडी सांगाडा आणि वीट, म्हणजे खाली जड आणि वर हलकं, आणि आवाज अडवायला जडपणाच लागतो, भिंतीचं वजन जेवढं जास्त तेवढा आवाज कमी पलीकडे जातो. म्हणून कारखाने खाली दगडाच्या भिंतीत, एका लहान खोल चौकाभोवती, चौकाची जमीन रस्त्यापेक्षा खाली उतरवलेली. भिंती मुद्दाम थोड्या तिरक्या, म्हणजे समोरासमोर येत नाहीत आणि ठोका मागे-पुढे टोलवला जात नाही, तो वर आकाशाकडे सुटतो. मग पत्रा आणि तयार माल ठेवायची कोठारं, जिना, न्हाणीघर, ज्या खोल्यांना शांतता लागत नाही त्या सगळ्या मध्ये एका ओळीत, आणि त्याच्या पलीकडे दुसरा चौक, घराचा. झोपायच्या खोल्या त्या चौकाकडे तोंड करून. आणि एकच जागा अशी की जी दोन्ही चौकांकडे उघडते, पहिल्या मजल्यावरची ओसरी. घरातलं म्हातारं माणूस तिथे बसणार, शेंगा सोलणार, आणि त्याला खालचा ठोका ऐकू येणार. फक्त तिथेच. खिडकी हा भिंतीतला सगळ्यात कच्चा भाग असतो, त्यामुळे कारखान्याच्या बाजूला दुसरी एकही खिडकी समोर बघत नाही, उजेड सगळा वरून घेतलाय.

घराचा चौक केवढा ठेवायचा यावर मी बरेच दिवस घातले. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. दक्षिणेकडची भिंत ६ मीटर उंच धरली तर तिची सावली जवळजवळ साडेपाच मीटर पडते. म्हणजे चौक उत्तर-दक्षिण साडेपाच मीटरचाच ठेवला तर थंडीत दुपारीसुद्धा खाली ऊन पोचणार नाही, आणि पुण्यातल्या थंडीत सकाळ-दुपारचं कोवळं ऊन अंगावर घेणं ही म्हाताऱ्या माणसांची आणि वाळवणाची, दोघांची गरज आहे. म्हणून ८ मीटर ठेवला. आणि उन्हाळ्यात उलटं, मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, तेव्हा भिंती कितीही उंच असोत चौकाला सावली देऊ शकत नाहीत, तिथे पडवीचा उतरता पत्राच कामाला येतो. हे आकडे काढताना मला खूप आनंद होतो, खरंच सांगते, कारण आजीच्या वाड्यातली पडवी तेवढीच का होती ते असं गणितातून समोर येतं.

काम करायची माझी पद्धत तशी जुनीच आहे. अप्पा बळवंत चौकातून बटर पेपरचा रोल आणायचा आणि एकावर एक ठेवून काढत राहायचं, खालचं ड्रॉइंग अंधुक दिसत असतं त्यातलं जे पटतं तेवढंच वरच्या कागदावर उतरतं, बाकीचं आपोआप गळतं. मग माउंटबोर्डचं कच्चं मॉडेल, टेपने चिकटवलेलं, कटरने परत परत कापता येईल असं. सेक्शन मी १:५० ला काढते, कारण १:२०० ला माणूस मुंगीएवढा दिसतो आणि मग त्याची पाठ कुठे टेकणार, हात कुठे पोचणार हे प्रश्न पडतच नाहीत. स्केचअप, म्हणजे कंप्युटरवरचं थ्रीडी मॉडेल, सगळ्यात शेवटी. आता तर एआयला दोन ओळी लिहून दिल्या की मिनिटाभरात संध्याकाळचा उजेड वगैरे असलेलं चित्र येतं, वर्गात बरेच जण तिथूनच सुरू करतात, आणि मी त्याच्या सरसकट विरोधात नाहीये पण सुरुवातीला ते वापरू नये असं माझं ठाम मत आहे, कारण पूर्ण झालेलं चित्र आधी बघितलं की मन त्याच्याशीच जुळवत बसतं. अर्धवट रेघेत शोधायला जागा असते.

केस स्टडीला मी दोन गोष्टी घेतल्या होत्या. एक आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली. तिथे कन्सेप्ट उघड उघड विश्वाचा आहे, आणि मी वर कमळाबद्दल जे म्हटलं त्याला हे उदाहरण छेद देतं हे मला माहीत आहे. काळा बेसाल्ट, त्याच्यावर आणखी काळा कडाप्पा, आणि अगदी वर चकचकीत काळा ग्रॅनाइट ज्याच्यात आकाश आणि ढग दिसतात, म्हणजे भिंत संपते कुठे आणि आकाश सुरू होतं कुठे ते कळू नये. पण मधल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कुंडात जाऊन बसलात की लक्षात येतं की विश्वाची कल्पना बाजूला ठेवली तरी ती जागा उभी राहते. कारण खाली एक निर्णय पक्का आहे, मधला भाग आकाशाला उघडा ठेवायचा आणि सगळ्यांनी तिथून ये-जा करायची. रूपक वरचं, निर्णय खालचा. असं असेल तर रूपकाला माझी काहीच हरकत नाही.

दुसरी आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची इंदूरची अरण्य वसाहत, १९८९ ची. दोशी पुण्यात जन्मले, १९२७ साली, फर्निचर बनवणाऱ्या घरात, आणि २०१८ ला प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. अरण्यमध्ये लोकांना पूर्ण घर दिलंच नाही, जोतं, संडास-बाथरूम, फार तर एक खोली, आणि पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. लोकांना कसं वाढवता येतं ते दिसावं म्हणून नमुन्याची ८० घरं बांधून दाखवली. यातून मी माझ्या प्रोजेक्टमध्ये खणाचं माप घेतलं. वाड्यात दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, दोन खणी, पाच खणी असं घर मोजतात, आणि मुलगा वेगळा झाला, कारखान्याला आणखी जागा लागली, की भिंत खांबाच्या ओळीवर सरकते, सांगाड्याला हात लागत नाही.

फायनल ज्युरीला बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं की एलेव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू, फारच साधं दिसतंय, फॉर्म कुठाय. मी त्यांना सेक्शनची शीट दाखवली आणि तिथे उभं राहून रेकॉर्ड केलेला ठोका फोनवर लावला, आधी बोळातला आणि मग तोच दगडी भिंतीमागे उभं राहून घेतलेला. ते बराच वेळ शीटसमोर थांबले आणि मग ओसरीच्या झडपांबद्दल विचारायला लागले, त्या लाकडी हव्यात की नकोत, बंद केल्यावर फटीतून किती आवाज येईल. मला तो प्रश्न मार्कांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण ते मनाने ओसरीत जाऊन बसले होते.

त्यानंतरच्या सेमिस्टरला नदीकाठचा प्रोजेक्ट होता, त्याचं थोडक्यात सांगते. मुठेचा काठ, भिडे पुलाच्या जवळचा. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की हा पूल पाण्याखाली जातो, दर पावसाळ्याची बातमी आहे ती, आणि १२ जुलै १९६१ चा, पानशेतचं धरण फुटून आलेला पूर अजून घराघरात सांगितला जातो. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. मी निर्णय असा घेतला की निळ्या रेषेच्या आत जे काही असेल ते बुडल्यावर पण चांगलंच राहिलं पाहिजे. मग आपोआप दगडी पायऱ्या आणि बसायचे ओटे एवढंच उरलं, ना रेलिंग ना दिवे ना लाद्या. आपले जुने घाट असेच आहेत, पाणी येतं, गाळ सोडून जातं, लोक धुऊन काढतात आणि परत बसतात.

आता पुढच्या वर्षी थीसिस आहे आणि विषय जवळजवळ ठरलाय, कात्रजचा नळ. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून बंदिस्त दगडी नळातून शहरापर्यंत पाणी आणलं, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर, आणि पेठांमधल्या हौदांमध्ये सोडलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत, जमिनीच्या वर आलेले चिमणीसारखे दगडी मनोरे, नळातली हवा बाहेर पडायला. इतक्या लांबच्या अंतरात उतार किती ठेवला असेल, एवढासा जरी चुकला तरी पाणी थांबणार किंवा नळ फोडणार, हे कुणी कसं मोजलं असेल याचा विचार करून मला झोप लागत नाही. कन्सेप्ट अजून सापडलेला नाही, घाई पण नाही. आधी कात्रजपासून स्वारगेटपर्यंत चालत जाऊन जे उच्छ्वास अजून उभे आहेत त्यांच्या पायथ्याच्या लेव्हल घ्यायच्या आहेत, वर्गातल्या दोघी बरोबर येतायत, डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, कॉलेजच्या लॅबमधून मिळणार आहे, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ते उरकायचंय.