गर्क

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरील कपाटाचा खालचा कप्पा भिजला आणि त्यात माझा अरबी शब्दकोश होता. हा कोश धातूंनुसार लावलेला आहे. शब्द शोधण्याआधी त्याची मूळ व्यंजने, बहुधा तीन, ओळखावी लागतात. पंख्याखाली पाने वाळवताना चिकटलेली दोन पाने पट्टीने अलगद सोडवली, तर आत नेमका ग-र-क हा धातू निघाला. योगायोगांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हसू आलेच.

आपण ‘कामात गर्क’ म्हणतो तो गर्क याच धातूतला; फारसीमार्गे मराठीत येताना त्याच्या अंगावरचे पाणी पार निथळून गेले. अरबीत ‘गरक’ म्हणजे बुडणे, बुडून मरणे. प्रेषित मूसाचा पाठलाग करणाऱ्या फिरऔनला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, समुद्रात गाठतो तो कुराणातला ‘गरक’ हाच. त्यापासून झालेला ‘इग्राक’ म्हणजे बुडवणे, आणि आजच्या आर्थिक बातम्यांत परक्या बाजारात स्वस्त मालाचा पूर आणणे. अलंकारशास्त्रात मात्र इग्राक ही अतिशयोक्तीची मधली पायरी आहे: बुद्धीला शक्य वाटते, अनुभवात मात्र कधी येत नाही, असे वर्णन. मला सर्वांत आवडला तो ‘इस्तिग्राक’, म्हणजे तल्लीनता. त्याचे क्रियापद वेळेसाठीही वापरतात. प्रवासाला दोन तास लागले हे सांगताना अरबी माणूस जणू प्रवासाने दोन तास गिळले असेच म्हणतो.

ग-व-स हा धातू वेगळा, कारण त्यात माणूस आपणहून खाली जातो: ‘गव्वास’ म्हणजे पाणबुड्या आणि ‘गव्वासा’ म्हणजे पाणबुडी.

र-स-ब म्हणजे तळाशी बसणे. साका आणि गाळ याच धातूतले, आणि परीक्षेत नापास होणेही. आपल्याकडे विद्यार्थी गटांगळी खातो, तरी वर येण्याची आशा असते. अरबीतला थेट तळ गाठतो.

कोशाची पाने आता वाळली आहेत. प्रत्येक पानाच्या खालच्या कडेला बोटभर तपकिरी रेघ उरली आहे, आणि र-स-बचे पान उघडले की शिवणीतून अजूनही बारीक माती टेबलावर सांडते.