त्याच्या तोंडी माझं वाक्य

भाषण दोन मिनिटांचं होतं. शाळांबद्दलच्या एका मतदान-मोहिमेतल्या मुलीने फोनवर बजावलं होतं, वर एक सेकंद गेला तरी माइक बंद करतात. म्हणून मी दुपारभर सेंटरच्या ऑफिसात घड्याळ लावून कागद कापत बसले होते. २७० शब्दांचे २३० केले. वाचणारा अकरा वर्षांचा, अडखळला तर? मग २१०. एवढं कापताना एक वाक्य मात्र मी पदरचं घातलं. तेच नडलं.

ऑक्टोबर २०१६ची गोष्ट. बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात, फील्ड्स कॉर्नर स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर आमचं सेंटर. शाळा सुटल्यावर मुलांना खाऊ, गृहपाठ, बास्केटबॉल. आणि ज्यांना हवा असेल त्यांना मेंटॉर, म्हणजे आठवड्यातून एक तास फक्त त्या एका मुलासाठी येणारा मोठा माणूस. जोड्या लावायचं काम माझं. वधू-वर सूचक मंडळात बसल्यासारखं वाटतं कधीकधी.

मी मूळची बार्शीची. बी.एड. करून अडीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षणसेवक होते. मग लग्न, आणि नवऱ्याच्या मागे एच-फोर व्हिसावर अमेरिका. या व्हिसावर नोकरी करता येत नसे. मे २०१५मध्ये ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांच्या बायकांना परवानगी मिळाली, आणि जे काम मी फुकट करत होते त्याचाच पगार सुरू झाला. राहायला क्विन्सीला. तिथून रेड लाइनने उत्तरेला जेएफके-यूमासपर्यंत जायचं, प्लॅटफॉर्म बदलायचा आणि दुसऱ्या फाट्याने परत दक्षिणेला यायचं. रोजचा द्राविडी प्राणायाम.

मेंटॉर होणाऱ्याचं पोलिस रेकॉर्ड तपासतात, ते सोपं. अवघड असतं ते वर्षभराचं वचन. हौसेने येतात आणि बर्फ पडायला लागला की गायब होतात. आमच्या जवळच यूमास बॉस्टनमध्ये जीन ऱ्होड्स नावाच्या प्राध्यापिका याच विषयावर संशोधन करतात. २००२मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने दाखवून दिलं की जोडी पहिल्या तीन महिन्यांतच तुटली, तर मूल जिथे होतं तिथेही राहत नाही, खाली घसरतं. नव्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी ऐकवते. दोघं-तिघं तिथूनच परत जातात. जाऊ देत.

ज्या मुलाचं भाषण मी कापत होते त्याला आमच्या घरी 'बंड्या' म्हणतात. खरं नाव अर्थात वेगळं. आई केप व्हर्ड या आफ्रिकेजवळच्या बेटांवरची, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं अंघोळ-औषध बघायचं काम. तिचं इंग्रजी बेताचं, तिची क्रिओल भाषा मला शून्य, त्यामुळे आमच्या दोघींमधला दुभाषा बंड्याच. त्याचे मेंटॉर म्हणजे रॉक्सबरीचे एक निवृत्त बस ड्रायव्हर, वय ५७. मी त्यांना मनातल्या मनात 'काका' म्हणते. पावणेदोन वर्षांत त्यांनी एकही मंगळवार चुकवला नव्हता.

मार्चमध्ये बंड्या पाचवीत होता. सहावीसाठी त्याच्या आईने एका चार्टर शाळेत अर्ज केला होता. चार्टर म्हणजे सनद. सरकारी पैशावर चालणारी, बिनफीची शाळा, पण शहराच्या शिक्षण खात्याच्या हाताखाली नाही. राज्य तिला पाच वर्षांची सनद देतं, निकाल दाखवला नाही तर काढूनही घेतं. मिनेसोटाने १९९१मध्ये पहिला कायदा केला, मॅसॅच्युसेट्सने १९९३मध्ये. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावीच लागते. मुलं निवडून घ्यायची मुभा नाही.

सोडतीला मी त्या मायलेकांबरोबर गेले होते. शाळेची जिम, घडीच्या खुर्च्या, निम्म्या रिकाम्या, कारण निकाल ईमेलने येणारच होता. आधी आत असलेल्यांची भावंडं, मग उरलेल्या जागा. पडद्यावर नावं नाहीत, नुसते अर्जाचे नंबर सरकत होते. बंड्याचा नंबर आला वेटिंग लिस्टवर, १४३वा. आईने त्याच्यामार्फत मला विचारलं, म्हणजे किती दिवस थांबायचं? १४३ वेटिंग म्हणजे काय हे बार्शीच्या माणसाला सांगावं लागत नाही. माझी बहीण पुण्यात आरटीईच्या २५ टक्क्यांतल्या जागेसाठी अशीच मोबाइलकडे बघत बसली होती. मी म्हटलं, "बघू या."

आईने पर्समधून घडी घातलेली पावती काढली, तिच्या मागे १४३ लिहिलं आणि पावती परत ठेवली. ती मला अजून दिसते.

त्या वर्षी राज्यात नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर 'प्रश्न क्रमांक २' होता. चार्टर शाळांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा आहे. ती ओलांडून वर्षाला १२ पर्यंत नव्या किंवा वाढीव शाळांना परवानगी द्यायची का? गव्हर्नर चार्ली बेकर 'हो'च्या बाजूने. बॉस्टनचे महापौर मार्टी वॉल्श पूर्वी स्वतः एका चार्टर शाळेच्या संचालक मंडळावर होते, ते या प्रश्नावर 'नाही'च्या बाजूने. शिक्षक संघटना आणि एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटनाही 'नाही'. दोन्हीकडून मिळून चार कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला गेला. पुढे काय झालं ते आत्ताच सांगते: ८ नोव्हेंबरला 'नाही' जिंकलं, ६२ विरुद्ध ३८ टक्के. त्याच रात्री ट्रम्प निवडून आले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी याबद्दल बोलायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

मी 'हो'च्या बाजूची होते. १४३ आकडा डोक्यात बसला होता. तरी मनात एक पाल चुकचुकायची, आणि ती बार्शीकडची होती. माझ्या झेडपीच्या शाळेसमोर इंग्रजी माध्यमाची पिवळी व्हॅन थांबायला लागली, तेव्हा पहिल्या वर्षी सहा मुलं गेली, दुसऱ्या वर्षी अकरा. जाणाऱ्या आईबापांचं काही चुकत नव्हतं. पण पटसंख्या घसरली की राहिलेल्यांचा शिक्षकही जातो. इथेही तसंच. मूल चार्टरमध्ये गेलं की त्याच्यामागचे पैसे जातात, पण पंचवीसच्या वर्गातून तीन गेले म्हणून बॉयलर कमी जळत नाही आणि बाईंचा पगार तेवढाच राहतो. राज्य काही वर्षं भरपाई देतं म्हणे. कायद्यात आहे खरी, पण त्या काळात ती पूर्ण कधी मिळतच नव्हती. बाजू घेतली की माणूस असले हिशेब मागच्या खिशात ठेवतो. मीही ठेवले.

मोहिमेतली ती मुलगी चुणचुणीत होती. "आकडे लोक विसरतात, मूल लक्षात राहतं," ती म्हणाली. चर्चच्या तळघरात सभा आहे, वेटिंग लिस्टवरचं एखादं मूल बोलेल का? आमच्या संचालकबाईंचं धोरण होतं की सेंटर कुणाचीच बाजू घेणार नाही, पण ज्याने-त्याने आपल्या वेळेत काय करायचं ते करावं. मी आईला विचारलं. ती हो म्हणाली. फॉर्मवर सही केली. बंड्यालाही विचारलं. तो म्हणाला, "टाय लावायचा का?"

काकांना मी विचारलं नाही. सांगितलं फक्त.

भाषणासाठी मी बंड्याची मुलाखत घेतली, वहीत उतरवून. त्याचं बोलणं असं: "नर्स मंगळवारी आणि गुरुवारी असते. सोमवारी पोट दुखलं तर ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर बसायचं. मी ४० मिनिटं बसलो होतो." कापताना हे फार पसरट वाटलं. मी त्याचं केलं: "माझ्या शाळेत माझ्याकडे बघायला कुणालाच वेळ नाही." चटकदार. दहा सेकंद वाचले.

तळघरात साठेक माणसं. मोठ्या कपाटाएवढं कॉफीचं भांडं, डोनटचे खोके, भिंतीला लागून दोन्ही बाजूंचे फलक. एकदा 'हो'वाला, एकदा 'नाही'वाला असं आळीपाळीने बोलायचं. बंड्याचा नंबर सातवा. चुलतभावाचा टाय त्याच्या पोटाखाली येत होता. माइक खाली करावा लागला.

छान वाचलं त्याने. १४३ला थांबला, वर बघितलं, मी शिकवलं होतं तसं. मग माझं वाक्य आलं. तो क्षणभर अडला. मला वाटलं ओळ चुकली. मग वाचलं, आणि एवढं एकच वाक्य त्याने कागदावरून नजर न उचलता वाचलं. टाळ्या पडल्या. मोहिमेतल्या मुलीने माझा दंड दाबला. कुणीतरी फोटो काढला.

आठवा नंबर तिसऱ्या रांगेतल्या एका व्हिएतनामी बाईंचा होता. पन्नाशीच्या, कोटावर 'नो ऑन २'चा बिल्ला. मी मध्यम शाळेत गणित शिकवते, त्या म्हणाल्या, आणि शाळेचं नाव सांगितलं. बंड्याची शाळा. बंड्याच्याच बाई. रोज सकाळी साडेसातला, शाळेच्या तासभर आधी, गणिताचा क्लब घेणाऱ्या. पगाराशिवाय. हे त्यांनी तिथे नाही सांगितलं, मला नंतर कळलं. भाषणात त्यांनी बंड्याचा उल्लेख केला नाही. नर्सबद्दल बोलल्या, दोन दिवसांची पाच दिवस हवी म्हणून. माझ्या वहीतलं वाक्य तिकडच्या बाजूने आलं.

सभा संपल्यावर त्या आमच्याकडे आल्या. मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. त्या बंड्याला म्हणाल्या, "उद्या वर्तुळं आहेत. कंपास विसरू नकोस." आणि गेल्या.

काकांनी आम्हाला गाडीतून सोडलं. डॉर्चेस्टर अॅव्हेन्यूवरून जाताना बंड्या मागे खिडकीला डोकं टेकून बसला होता, टाय सोडून गुंडाळी करून. तो आणि त्याची आई उतरल्यावर काकांनी गाडी सुरू केली नाही. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण त्यांचं बोलणं मला कायम 'तू' असंच ऐकू येतं.

"ते वाक्य त्याचं होतं?"

"मी जरा नीट केलं."

ते बराच वेळ वायपरकडे बघत होते. पाऊस नव्हता. मग म्हणाले, "१९७४ला मी पंधरा वर्षांचा होतो."

पुढचं बॉस्टनमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. न्यायाधीश गॅरिटींचा निकाल, गोऱ्या-काळ्या मुलांना एकमेकांच्या वस्त्यांतल्या शाळांत बसने पाठवायचं. १२ सप्टेंबरला शाळा उघडल्या, काळ्या मुलांना साउथ बॉस्टनच्या गोऱ्या वस्तीत नेणाऱ्या बसवर दगड पडले. काका त्या बसमध्ये होते.

"निकाल बरोबर होता," ते म्हणाले. "आजही म्हणेन, बरोबर होता. पण बसमध्ये मोठं माणूस एकच होतं, ड्रायव्हर. बाकी ज्यांना जे सिद्ध करायचं होतं ते सगळे टीव्हीसमोर बसले होते." थोडं थांबून म्हणाले, "मी ड्रायव्हर का झालो असं मला लोक विचारतात. पगार चांगला होता म्हणून झालो. तू त्यातून काही काढू नकोस."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी मला स्टेशनवर सोडलं.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पण तुम्हा तिघांतल्या एकालाही मत नाही ना? खरंच की. बंड्या अकरा वर्षांचा, त्याची आई ग्रीन कार्डवर, मी एच-फोरवर. मत देणारे सगळे खुर्च्यांवर होते आणि माइकपाशी आम्ही.

झोप लागेना. माझ्या मुलाच्या टेबलावर कॅम्लिनची कंपासपेटी दिसली, मामाने बार्शीहून पाठवलेली. बाईंनी 'कंपास' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हीच आली होती. इथे कंपास म्हणजे फक्त कर्कटक, हे पुढच्या दहा तासांत माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी सहाच्या गाडीने निघाले, सव्वासातला शाळेच्या फाटकाशी उभी. पेटी न्यायचं मुलाला रात्रीच विचारून ठेवलं होतं. त्याने त्याबदल्यात माझ्याकडून नवी पेटी आणि एक पिझ्झा कबूल करून घेतला.

बाई आधी आल्या. मी म्हटलं, "कालचं ते वाक्य माझं होतं. त्याने तसं म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो 'कुणालाच' वगैरे म्हणत नाही. तो आकडा सांगतो." किल्ल्या शोधत होत्या. त्यांना माझ्या कबुलीत फारसा रस दिसला नाही. दार उघडायचं होतं, सव्वीस खुर्च्या खाली काढायच्या होत्या. त्यातल्या दहा मी काढल्या.

बंड्या साडेसातला आला. मला बघून थबकला.

"मिस, आज मंगळवार नाही."

"तुझी माफी मागायला आले. ते वाक्य मी घातलं, तुला न विचारता."

त्याने विचार केला. "४० मिनिटंवालं का काढलं? ते खरं होतं."

उत्तर नव्हतं. मी पेटी पुढे केली. त्याने ती उघडली, आणि गुण्या, कोनमापक, सहा इंची पट्टी, कर्कटक एकेक करून बाकावर मांडलं. कर्कटकात पेन्सिल बसवून पाहिली. मग विभाजक उचलला, दोन्हीकडे टोक असलेला.

"याला पेन्सिल कुठे लावायची?"

"लावत नाहीत. ते वेगळं असतं."

"मग करायचं काय याचं?"

बार्शीला आम्ही त्याने बाकावर नावं कोरायचो. बाई दोन पावलांवर फळा पुसत होत्या, म्हणून मी म्हटलं, "त्यांना विचार."